छोट्या ऑफिसचं व्हीपीएन: उघडं पोर्ट बंद करण्यापासून पहिल्या हँडशेकपर्यंत

२५ मार्च २०२० ला देश बंद झाला तेव्हा आर्थिक वर्ष संपायला जेमतेम आठवडा उरला होता. सीएच्या ऑफिसात मार्चअखेर कशी असते हे ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. क्लायंटचा सगळा डेटा ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरवर आणि काम करणारी माणसं आपापल्या घरी. छोट्या ऑफिसांची नेटवर्कं बसवून देणं हे माझं काम. त्या आठवड्यात मला दिवसभर एकच फोन येत होता: "दादा, घरून टॅली उघडेल असं काहीतरी करून द्या."

बहुतेक ठिकाणी तेव्हा सोपा रस्ता धरला गेला. राउटरमध्ये ३३८९ हे पोर्ट, म्हणजे आत यायचं एक नंबराचं दार, उघडायचं, की कुठूनही ऑफिसच्या कॉम्प्युटरचा रिमोट डेस्कटॉप (त्याचा पडदा दुरून वापरायची सोय) दिसतो. पासवर्ड टाकला की काम सुरू. पाच मिनिटांत होतं, खर्च काही नाही. पण ते दार आपल्याला जसं दिसतं तसंच सगळ्या जगालाही दिसतं. इंटरनेटवरची दारं एकेक करून वाजवून बघणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस फिरत असतात आणि असं पोर्ट सापडलं की पासवर्डचे अंदाज बांधायला लागतात. मे २०१९ मध्ये तर 'ब्लूकीप' नावाची अशी फट उघडकीला आली होती की आत शिरायला पासवर्डचीही गरज नव्हती. ती इतकी गंभीर होती की मायक्रोसॉफ्टने केव्हाच निवृत्त केलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली.

अशाच एका ऑफिसात पुढे मला बोलावलं गेलं. सगळ्या फाइलींची नावं बदललेली, डेस्कटॉपवर खंडणीची चिठ्ठी, आणि शेवटचा बॅकअप दिवाळीत घेतलेला. तेव्हा फेब्रुवारी चालू होता. तिथल्या अकाउंटंट मॅडम चार महिन्यांची व्हाउचरं पुन्हा हाताने भरायला बसल्या, तेव्हाचा त्यांचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. ही वेळ टाळता येते आणि त्यासाठी फार मोठा खर्चही लागत नाही. ऑफिसचं स्वतःचं व्हीपीएन बसवून ते कसं करायचं, हेच इथे लिहितोय.

व्हीपीएन म्हणजे ऑफिसच्या दृष्टीने काय

जाहिरातींत दिसणारं व्हीपीएन वेगळं. तुमचा पत्ता लपवणारं किंवा परदेशातले कार्यक्रम दाखवणारं ते व्हीपीएन म्हणजे कोणा तरी तिसऱ्या कंपनीची सेवा. संस्थेचं व्हीपीएन तुमचं स्वतःचं असतं. घरी बसलेल्या माणसाचा लॅपटॉप आणि ऑफिसचं नेटवर्क यांच्यामध्ये इंटरनेटवरूनच एक बंद टनेल तयार होतो. आत काय चाललंय ते वाटेत कोणाला वाचता येत नाही आणि ज्याच्याकडे चावी नाही त्याला आत पाऊल टाकता येत नाही. लॅपटॉपला वाटतं, आपण ऑफिसातच बसलोय.

पूर्वी दोन शाखा जोडायच्या तर टेलिफोन कंपनीकडून लीज्ड लाइन, म्हणजे फक्त आपल्यासाठीची भाड्याची लाइन, घ्यावी लागे. बँकांना ते परवडायचं, तीन टेबलांच्या ऑफिसला कुठून परवडणार? साध्या इंटरनेटवरून हे काम करायचे प्रयत्न १९९० च्या दशकात सुरू झाले. २००१ मध्ये जेम्स योनान यांनी 'ओपनव्हीपीएन' आणलं. मध्य आशियात फिरताना अनोळखी देशांतल्या इंटरनेटवरून ऑफिसशी जोडून घ्यावं लागत होतं, त्या काळजीतून ते जन्मलं. म्हणजे अडचण आपल्यासारखीच होती. त्यानंतर जेसन डोनेनफेल्ड यांचं 'वायरगार्ड' आलं आणि मार्च २०२० मध्ये, नेमकं आपण सगळे घरात अडकलो त्याच महिन्यात, लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमच्या ५.६ आवृत्तीत सामील झालं. मूळ कोड चार हजार ओळींच्या आसपास, म्हणजे एका माणसाला वाचून तपासता येईल एवढा. मी नव्या ऑफिसात हेच बसवतो, म्हणून पुढच्या पायऱ्या वायरगार्डच्या आहेत. जुन्या राउटरमध्ये 'पीपीटीपी' असा व्हीपीएनचा जुना पर्याय दिसेल. तो वापरू नका. त्याची पासवर्ड तपासण्याची पद्धत २०१२ मध्येच सर्वांसमोर मोडून दाखवली गेली आहे.

मला विचाराल तर संस्थेला मिळणारा सगळ्यात मोठा फायदा चाव्यांचा आहे. दार एकच राहतं, प्रत्येकाची चावी वेगळी असते, आणि कोणाची चावी कधी काढून घ्यायची हे तुमच्या हातात येतं. बाकीचे फायदे त्यामागून येतात.

उदाहरणासाठी एक ऑफिस धरू: कोल्हापुरात मुख्य ऑफिस, इचलकरंजीत दोन टेबलांची शाखा, आणि चार जण आठवड्यातले काही दिवस घरून काम करणारे. कोल्हापुरात एका कॉम्प्युटरवर (यालाच पुढे सर्व्हर म्हटलंय) टॅलीचा डेटा आणि क्लायंटचे फोल्डर: पॅन, आधार, बँकेची स्टेटमेंटं. (लेखातले आकडे देवनागरीत आहेत, यंत्रात अर्थातच इंग्रजी आकडे टाकायचे.)

पहिली पायरी: कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी कागद

एका वहीत तीन रकाने करा: माणूस, कोणत्या यंत्रावरून येणार, कशाला हात लावणार. इतकं साधं काम, पण मी पाहिलेल्या बहुतेक ऑफिसात ही यादी कोणाकडेच नसते. लिहायला बसलं की लक्षात येतं, टॅली फक्त तिघांना लागतं. आर्टिकलशिप (सीए होण्याआधीची उमेदवारी) करणाऱ्या मुलाला दोन फोल्डर पुरतात. इचलकरंजीच्या शाखेला प्रिंटरही लागतो. सरांना मोबाइलवरून फक्त फाइल बघायची असते. ही यादीच पुढे फायरवॉलचे (कोणाला कुठे जाऊ द्यायचं हे ठरवणाऱ्या पहारेकऱ्याचे) नियम होणार आहे, म्हणून ती नीट करा.

एका माणसाची दोन यंत्रं असतील तर दोन ओळी लिहा. चावी यंत्राला मिळते, माणसाला नाही.

दुसरी पायरी: तुमच्या ऑफिसला खरा पत्ता आहे का

बाहेरच्या लॅपटॉपला ऑफिस सापडायचं तर इंटरनेटवर ऑफिसचा स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता हवा. अनेक जोडण्यांना तो नसतो. कंपनी एकाच पत्त्यामागे शेकडो ग्राहक बसवते, त्याला सीजीनॅट म्हणतात. चाळीतल्या सगळ्या बिऱ्हाडांची पत्रं एकाच पेटीत पडावीत तसं. आतून बाहेर सगळं चालतं, पण बाहेरून कोणी तुमचं नाव घेऊन आलं तर त्याला कुठे पाठवायचं हे पेटीला माहीत नसतं.

तपासायला दोन मिनिटं लागतात. राउटरच्या पानावर 'वॅन' किंवा 'इंटरनेट' या भागात जो आयपी दिसतो तो लिहून घ्या. मग ब्राउझरमध्ये 'माझा आयपी काय' असं शोधा आणि तिथे येणारा आकडा बघा. दोन्ही एकच असतील तर तुमचं भाग्य. वेगळे असतील, विशेषतः राउटरवरचा आकडा १००.६४ ते १००.१२७ यांच्यातला असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. मग राउटरमध्ये पोर्ट कितीही फॉरवर्ड करा (म्हणजे त्या दारावर आलेल्याला आतल्या यंत्राकडे पाठवा), काही होणार नाही. नवशिके दोन-दोन दिवस इथेच घालवतात, म्हणून हे आधी बघायला सांगतोय.

सीजीनॅट निघालं तर इंटरनेट कंपनीकडून स्टॅटिक आयपी मागा. दर महिन्याला थोडे जास्त पैसे पडतात. ऑफिससाठी मी हाच रस्ता सुचवतो, कारण पत्ता कायमचा आणि हिशेब सोपा. ते शक्य नसेल तर मुंबईतल्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये छोटा क्लाउड सर्व्हर भाड्याने घ्यायचा आणि ऑफिस व घरं, सगळ्यांनी त्यालाच येऊन जोडायचं. तिसरा रस्ता टेलस्केलसारख्या सेवेचा. आत वायरगार्डच चालतं आणि सीजीनॅटचा प्रश्न ती सेवा स्वतःच सोडवते. बसवायला सगळ्यात सोपं, पण कोणाला आत घ्यायचं याचा कारभार त्या कंपनीच्या खात्यातून चालतो. त्या खात्याचा पासवर्ड म्हणजे तुमच्या ऑफिसची मुख्य चावी, हे लक्षात ठेवून घ्या.

तिसरी पायरी: १९२.१६८.१ सोडा

या पायरीवर मी जरा जास्त वेळ घेणार आहे. व्हीपीएन 'जोडलं गेलंय पण काहीच उघडत नाही' अशी तक्रार आली की कारण बहुतेक वेळा इथेच असतं.

बाजारातले कितीतरी राउटर डब्यातून बाहेर येतात तेच १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० अशी घरगुती पत्तामालिका घेऊन. ऑफिसचा सर्व्हर १९२.१६८.१.१० वर आहे आणि मॅडमच्या घरचा राउटरही १९२.१६८.१ हीच मालिका वाटतो. आता घरून मॅडम १९२.१६८.१.१० उघडायला गेल्या की लॅपटॉप म्हणतो, हा पत्ता तर आपल्याच घरातला! तो टनेलकडे बघतच नाही, घरातल्या टीव्हीला नाहीतर नवऱ्याच्या मोबाइलला शोधत बसतो. एकाच गावात 'गणपती मंदिराजवळ' असा पत्ता दिल्यासारखं आहे. प्रत्येक गल्लीत एक सापडणार.

उपाय एकच: ऑफिसची मालिका बदला, आणि व्हीपीएन बसवायच्या आधी बदला. खासगी नेटवर्कसाठी तीन मालिका राखून ठेवलेल्या आहेत: १० ने सुरू होणारी सगळी, १७२.१६ ते १७२.३१, आणि १९२.१६८. पहिलीत जागाच जागा आहे. मी कोल्हापूरला १०.७३.२०, इचलकरंजीला १०.७३.३० आणि व्हीपीएनमधल्या लॅपटॉपांना १०.७३.९९ अशी मालिका देईन. मधला आकडा मनाचा घ्या, फक्त १०.०.० आणि १०.१.१ टाळा, कारण तेही फार जण घेतात.

मालिका बदलली की प्रिंटर, बायोमेट्रिक हजेरीचं यंत्र, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, टॅलीचा लायसन्स सर्व्हर, सगळ्यांचे पत्ते हलतात. म्हणून हे काम शनिवारी संध्याकाळी करा, ११ किंवा २० तारखेच्या आदल्या दिवशी अजिबात नको. जीएसटीचं रिटर्न अडकलं तर पुढच्या वेळी कोणी तुम्हाला राउटरजवळ उभं करणार नाही.

चौथी पायरी: व्हीपीएन कुठे बसवायचं

राउटरमध्येच वायरगार्ड असेल तर उत्तम. मायक्रोटिक कंपनीच्या राउटरांवर चालणाऱ्या राउटरओएस ७ मध्ये ते आहे, ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरची मोफत प्रणाली चालणाऱ्या राउटरमध्येही बसवता येतं. नसेल तर जुन्या कॉम्प्युटरवर किंवा रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून हे काम होतं. टॅलीच्या सर्व्हरवरच बसवू नका. दार आणि तिजोरी एकाच लाकडाची नको.

एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट. लाइट गेली आणि आली, की हे यंत्र आपोआप चालू झालं पाहिजे. कॉम्प्युटरच्या बायोसमध्ये (चालू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परत आल्यावर काय करायचं याचं सेटिंग असतं, ते 'ऑन' ठेवा. राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही यूपीएसवर घ्या. घरून काम करणाऱ्या माणसाला ऑफिसात जाऊन बटण दाबता येत नाही, आणि रविवारी रात्री वॉचमनकाकांना उठवून ते करायला लावणं मी अनेकदा पाहिलंय.

पाचवी पायरी: चाव्या

वायरगार्डमध्ये युजरनेम-पासवर्ड नसतो. प्रत्येक यंत्राची चाव्यांची जोडी असते: एक खासगी, एक सार्वजनिक. सार्वजनिक चावी कोणालाही द्या, ती कुलपासारखी आहे. खासगी चावी ज्या यंत्रात तयार झाली तिथून बाहेर येता कामा नये.

प्रत्यक्षात काय होतं? बसवणारा माणूस स्वतःच्या लॅपटॉपवर सगळ्यांच्या जोड्या तयार करतो, क्यूआर कोड काढतो आणि ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो. त्या क्षणी ती चावी ग्रुपमधल्या प्रत्येकाची झाली, त्यांच्या मोबाइल बॅकअपचीही झाली. असं करू नका. लॅपटॉपवर वायरगार्डचं अ‍ॅप घ्या, त्यात 'रिकामा टनेल जोडा' म्हटलं की दोन्ही चाव्या तिथेच तयार होतात. त्यातली फक्त सार्वजनिक चावी मागवून घ्या. ती व्हॉट्सअ‍ॅपवर आली तरी काही बिघडत नाही. मोबाइलसाठी क्यूआर सोयीचा आहे, पण तो समोर बसवून स्कॅन करून घ्या आणि नंतर फाइल पुसून टाका.

व्हीपीएनच्या यंत्रावर, म्हणजे वायरगार्डच्या सर्व्हरवर, प्रत्येक यंत्राची एक 'पीअर' नोंद होते: त्याची सार्वजनिक चावी आणि त्याला दिलेला एकच पत्ता, उदाहरणार्थ १०.७३.९९.११. लॅपटॉपच्या बाजूला वायरगार्डच्या सर्व्हरची सार्वजनिक चावी, ऑफिसचा सार्वजनिक आयपी आणि पोर्ट, आणि 'अलाउड आयपीज' नावाची एक ओळ. पोर्ट सहसा ५१८२० असतं आणि ते यूडीपी प्रकारचं (पोर्टचे यूडीपी आणि टीसीपी असे दोन प्रकार राउटरमध्ये दिसतात). राउटरमध्ये फॉरवर्ड करताना चुकून टीसीपी निवडलं तर काहीच चालत नाही. लॅपटॉपच्या बाजूलाच 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह' २५ सेकंद ठेवा, म्हणजे घरचा राउटर मधल्या शांततेत जोडणी विसरून जाणार नाही.

वायरगार्डची एक गोष्ट मला मनापासून आवडते. ज्याच्याकडे ओळखीची चावी नाही त्याला ते उत्तरच देत नाही. बाहेरून दार वाजवणाऱ्याला तिथे दार आहे हेसुद्धा कळत नाही. ३३८९ च्या उघड्या खिडकीशेजारी हे ठेवून बघा.

सगळं टनेलमधून की फक्त ऑफिसचं?

'अलाउड आयपीज'च्या त्या एका ओळीत हा निर्णय असतो. तिथे फक्त १०.७३.२० आणि १०.७३.३० च्या मालिका लिहिल्या तर ऑफिसचं काम टनेलमधून जातं आणि बाकीचं इंटरनेट घरच्या लाइनवरून. ०.०.०.०/० लिहिलं तर सगळंच ऑफिसवरून फिरून जातं. मग त्या लॅपटॉपवर मुलांनी लावलेलं कार्टूनसुद्धा कोल्हापूरच्या ऑफिसला वळसा घालून येतं आणि ऑफिसची अपलोडची मर्यादा लगेच जाणवते. छोट्या ऑफिसला पहिला प्रकार बरा. जो माणूस सतत हॉटेल, स्टँड, विमानतळ अशा सार्वजनिक वायफायवरून काम करतो त्याला दुसरा द्या. एकाच लॅपटॉपवर दोन्ही टनेल ठेवून गरजेप्रमाणे चालू करता येतात.

सहावी पायरी: पहिला हँडशेक

ऑफिसच्या वायफायवर बसून तपासू नका, त्यातून काहीच सिद्ध होत नाही. मोबाइलचा हॉटस्पॉट लावा, लॅपटॉप त्याला जोडा आणि टनेल चालू करा. अ‍ॅपमध्ये 'लेटेस्ट हँडशेक' (दोन्ही यंत्रांनी एकमेकांची चावी ओळखली त्याला किती वेळ झाला) म्हणून काही सेकंदांचा आकडा दिसला की दार उघडलं. काम चालू असेपर्यंत हा आकडा साधारण दोन मिनिटांपुढे जाऊन पुन्हा खाली येत राहतो.

हँडशेकच होत नसेल तर क्रमाने बघा: सार्वजनिक आयपी बरोबर आहे का, पोर्ट यूडीपी आहे का, चाव्यांची अदलाबदल झाली का (दोन्हीकडे एकच चावी चिकटवली जाणं ही नेहमीची चूक), आणि लॅपटॉपचं घड्याळ. हो, घड्याळ. बोर्डावरची बॅटरी संपलेला जुना कॉम्प्युटर चालू होताना तारीख मागे नेतो, आणि वायरगार्ड जुन्या वेळेचा हँडशेक नाकारतं. यात माझी एक अख्खी दुपार गेली आहे.

हँडशेक होतो पण ऑफिसचा सर्व्हर उघडत नाही, तेव्हा तिसरी पायरी आठवा आणि सर्व्हरवरची विंडोज फायरवॉल बघा. ती स्वतःच्या मालिकेबाहेरून आलेल्यांना बऱ्याचदा अडवते, तिला १०.७३.९९ ची ओळख करून द्यावी लागते. छोटी फाइल उघडते पण मोठी अडकते, असं असेल तर टनेलचा 'एमटीयू' (एका वेळी पाठवायच्या तुकड्याचा मोठ्यात मोठा आकार) १४२० वरून १३८० किंवा १२८० पर्यंत उतरवून बघा.

टॅली टनेलमधून थेट उघडू नका

टनेल लागला की सगळ्यांना पहिला मोह होतो तो घरच्या टॅलीला ऑफिसच्या सर्व्हरवरचं डेटा फोल्डर दाखवायचा. उघडतंही. पण एक लेजर उघडायला मिनिट लागतं आणि मध्येच घरचं इंटरनेट गेलं तर डेटा बिघडायची भीती असते. कारण टॅली फाइलमधून बारीक बारीक तुकडे शेकडो वेळा मागतं. ऑफिसच्या केबलवर प्रत्येक फेरी मिलिसेकंदाच्या आत होते, इंटरनेटवर प्रत्येक फेरीला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. नुसता स्पीड वाढवून यात फरक पडत नाही.

म्हणून टॅली ऑफिसातच चालू द्या आणि तिथला पडदा घरी आणा. म्हणजे तोच रिमोट डेस्कटॉप, पण आता टनेलच्या आतून, १०.७३.२०.१० या पत्त्यावर. फक्त पडद्याचं चित्र आणि कीबोर्डची बटणं ये-जा करतात. मध्ये लाइन तुटली तर ऑफिसातलं टॅली जिथल्या तिथे उघडं राहतं, पुन्हा जोडलं की काम पुढे चालू. दोन गोष्टी लक्षात असू द्या. विंडोजच्या होम आवृत्तीत रिमोट डेस्कटॉपने आत येता येत नाही, प्रो लागते. आणि प्रोमध्येही एका वेळी एकच माणूस काम करू शकतो. तिघांना एकाच वेळी हवं असेल तर प्रत्येकाचा ऑफिसातला कॉम्प्युटर चालू ठेवायचा, नाहीतर विंडोज सर्व्हर आणि त्याचे रीतसर परवाने घ्यायचे. मोफत 'पॅच' टाकून एकाच वेळी अनेक जण घुसवणारे जुगाड मिळतात. ते तुमच्या सर्व्हरमध्ये आणखी काय टाकून जातात हे कोणी तपासत नाही, म्हणून मी ते बसवून देत नाही.

आता राउटरमध्ये जा आणि ३३८९ चं ते जुनं फॉरवर्डिंग काढून टाका. बाहेरच्या हॉटस्पॉटवरून, टनेल बंद ठेवून, जुन्या पद्धतीने जोडायचा प्रयत्न करा. जोडलं गेलं नाही पाहिजे. डीव्हीआरसाठी कोणी तरी उघडून ठेवलेली पोर्टंही त्याच वेळी बंद करा. कॅमेरे टनेलमधून बघता येतात.

आत आल्यावर कोणी कुठे जायचं

चावी मिळाली म्हणजे सगळं घर मोकळं असं नको. पहिल्या पायरीची वही काढा. प्रत्येक यंत्राचा व्हीपीएन पत्ता ठरलेला आहे, त्यामुळे फायरवॉलमध्ये सरळ लिहिता येतं: १०.७३.९९.११ ला रिमोट डेस्कटॉप, १०.७३.९९.१४ ला फक्त फाइल शेअर, बाकी सगळं बंद. घरच्या एका लॅपटॉपमध्ये काही शिरलंच तर ते सगळ्या ऑफिसभर पसरणार नाही.

दुसरी गोष्ट, चोरीला गेलेल्या लॅपटॉपमध्ये चावीही असते. म्हणून लॅपटॉपची डिस्क बिटलॉकरने (विंडोजमधल्या डिस्कच्या कुलपाने) बंद हवी आणि टनेलच्या आत गेल्यावर सर्व्हरचा पासवर्ड वेगळा हवा. ओपनव्हीपीएन किंवा मोठ्या फायरवॉल कंपन्यांचं व्हीपीएन वापरत असाल तर मोबाइलवर येणारा दुसरा कोड सक्तीचा करा. मे २०२१ मध्ये अमेरिकेतली कलोनियल पाइपलाइन ही तेलवाहिनी काही दिवस बंद पडली, त्याची सुरुवात एका जुन्या, वापरात नसलेल्या व्हीपीएन खात्यातून झाली होती. त्या खात्याला दुसऱ्या कोडची तपासणी नव्हती. कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलर खंडणी दिली. एक विसरलेलं खातं, एवढंच.

व्हीपीएनचं यंत्र स्वतःही अपडेट लागणारं असतं. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्टिनेट या फायरवॉल कंपनीच्या सुमारे ८७ हजार यंत्रांचे व्हीपीएन पासवर्ड चोरट्यांनी उघड्यावर टाकले. ज्या फटीतून ते काढले होते तिची दुरुस्ती कंपनीने मे २०१९ मध्येच दिलेली होती. महिन्यातून एक दिवस ठरवा आणि राउटर, वायरगार्ड, सर्व्हर यांचे अपडेट त्या दिवशी बघा.

कायद्याचं थोडक्यात

सर्ट-इनने, म्हणजे सायबर सुरक्षेचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने, २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांमुळे बऱ्याच ऑफिसांना वाटलं की व्हीपीएन ठेवणंच अवघड झालं. ग्राहकांची नावं आणि पत्ते पाच वर्षं जपून ठेवायची अट सर्वसामान्य लोकांना व्हीपीएन सेवा विकणाऱ्यांसाठी आहे. संस्थेच्या स्वतःच्या अंतर्गत व्हीपीएनला ती लागू नाही, असा खुलासा सर्ट-इननेच नंतर केला. पण त्याच निर्देशांतल्या दोन गोष्टी कंपन्यांना आणि संस्थांना लागू आहेत: सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणं आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस ठेवणं. तेव्हा राउटरच्या नोंदी कुठेतरी साठतील अशी सोय करा. घटना घडली तर कोणाला फोन करायचा हे वहीच्या पहिल्या पानावर लिहा. त्या घाईत शोधायला वेळ नसतो.

आणि बॅकअप. व्हीपीएन कोणालाही फसवा मेल उघडण्यापासून थांबवत नाही. आतल्याच माणसाने चुकून काही उघडलं तर टनेल काय करणार? रोज रात्री टॅलीचा बॅकअप ऑफिसबाहेर जाऊ द्या. इचलकरंजीची शाखाही अशाच टनेलने जोडून घेतली असेल तर तिथल्या डिस्कवर एक प्रत पाठवायला वेगळा खर्च नाही. आठवड्यातून एकदा एक प्रत अशा डिस्कवर घ्या जी नंतर काढून कपाटात ठेवता येईल. जोडलेली प्रत खंडणीवाल्यालाही सापडते.

चावी काढून घेण्याचा सराव

ज्या ऑफिसात मी व्हीपीएन बसवतो तिथे निघण्याआधी हे एकदा करून घेतो. समजा कोणी नोकरी सोडली. वहीत त्याच्या नावासमोर किती यंत्रं आहेत ते बघा, व्हीपीएनच्या यंत्रावरून त्या प्रत्येकाची पीअर नोंद काढून टाका आणि सेटिंग नव्याने लागू करा. फाइलमधली ओळ पुसून ती लागू करायला विसरलात तर चावी चालूच राहते, ही चूक फार होते. त्याच दिवशी विंडोजचं खातंही बंद करा.

मग त्याचा लॅपटॉप समोर घेऊन टनेल चालू करून बघा. अ‍ॅप हिरवं दिसेल, 'ॲक्टिव्ह' म्हणेल, त्याने फसू नका. हँडशेकची ओळच येणार नाही. पाठवलेल्या डेटाचा आकडा वाढत राहील आणि आलेल्याचा शून्यावरच थांबेल. ते दिसलं की वहीत तारीख टाका आणि ज्याच्या जबाबदारीवर दार आहे त्याची सही घ्या.